उतरते अंगठे

राजापेठेत चष्म्याच्या एका दुकानावर कुलदीपचं ऑफिस आहे. खाली ट्यूशनला आलेल्या पोरांच्या गाड्यांची दाटी. वर तीन टेबलं, एक कूलर आणि भिंतीवर भला मोठा पांढरा फळा. सोशल मीडियावर कोणाच्या पानाला किती लाइक आले, किती जणांनी खाली काही लिहिलं, व्हिडिओ लोकांनी कुठवर पाहिला, हे दर सोमवारी त्या फळ्यावर लिहिलं जातं. साडीचं दुकान, दोन क्लासेस, दातांचा एक दवाखाना, लग्नाचं एक लॉन, अशी गिऱ्हाइकं. ही सगळी पानं दामिनी सांभाळते, आणि फार छान सांभाळते. 'या साडीवर पोलकं कोणत्या रंगाचं?' असा साधा प्रश्न तिनं एकदा फोटोखाली टाकला, तर बडनेऱ्यापासून परतवाड्यापर्यंतच्या बायका तीन दिवस एकमेकींशी भांडत होत्या. साडीवाल्यानं खुशीनं ऑफिसात कचोऱ्या पाठवल्या.

कुलदीपचं एक म्हणणं आहे. लोक नुसते बघून गेले तर त्याला काही अर्थ नाही. त्यांनी थांबलं पाहिजे, काही बोललं पाहिजे, उद्या पुन्हा आलं पाहिजे. दामिनीला यात नवीन काहीच वाटायचं नाही. तिच्या आत्याचा सगळा जन्म याच कामात गेला होता.

आत्या म्हणजे भातकुलीच्या वच्छलाबाई कीर्तनकार. ठेंगण्या, सावळ्या, कपाळाला बुक्का, आवाज असा की माइक बंद पडला तर कोणाच्या लक्षातही येऊ नये. ज्यांना कीर्तनाची गोडी आहे त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगावं लागेल. कीर्तनात आधी एखाद्या अभंगावर निरूपण होतं. मग नामाचा गजर होतो, कीर्तनकाराला हार घालतात, आणि उत्तरार्धात येते गोष्ट. तिला आख्यान म्हणतात. निरूपण पुष्कळ जण चांगलं करतात. गोष्ट मात्र वच्छलाबाईंनी सांगावी. त्यातही डोमाजी गुराख्याची, जी त्यांनी स्वतः रचलेली आहे. ती सांगताना त्या एकट्या अख्खा गोठा उभा करतात. लंगडी गाय, मारकी गाय, म्हातारी गाय, सगळ्यांच्या चाली वेगळ्या. साठी उलटलेली बाई लुगड्याचा काष्टा सावरत मारकी गाय होऊन पेटीवाल्यावर धावून जाते, तेव्हा हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याच पाण्यात पुढच्या घटकेला दुसरं पाणी मिसळतं.

यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. ऊन असं की संध्याकाळीसुद्धा मंदिराची फरशी पायाला चटके देत होती. म्हातारे श्रोते घराबाहेर पडेनात. वच्छलाबाई कष्टी झाल्या. तेव्हा दामिनी म्हणाली, "आत्या, लोक मंदिरात येत नसतील तं मंदिर त्याइच्या घरी नेऊ. तुझं कीर्तन रोज मोबाइलवर लाइव्ह दाखवते."

"अन् मी कोणाकडे पाहून बोलू? त्या डबड्याकडे?"

"समोर दहा-वीस लोक असतीलच नं. बाकीचे डबड्यात."

कुलदीपनंही होकार दिला. भक्तीचं एक पान आपल्याकडे असावं, असं त्याच्या मनात बरेच दिवस होतंच. कॅमेऱ्याचं स्टँड, माइक, दिवा असं सगळं त्यानं दिलं आणि फळ्यावर एक नवीन ओळ आखली: वच्छलाबाई, भातकुली.

पहिल्याच संध्याकाळी वायरीचा घोळ झाला. दामिनी स्टेजखाली वाकून प्लग शोधत होती आणि वर आत्याचं कीर्तन सुरूही झालं होतं. सुरुवातीला एवढं सांग, म्हणून तिनं आत्याला आधी पढवलं होतं, "लोकांना म्हण, आवडलं तर खालचा अंगठा दाबा." आत्यानं काहीतरी सांगितलं असावं, कारण दामिनी वर येईपर्यंत अंगठे चढायला लागले होते. धामणगाव रेल्वे, अकोला, मूर्तिजापूर, कुठून कुठून लोक जमले होते. पेटीवर बसलेल्या जीवनभाऊंनी मध्येच फोनकडे डोकावून भुवया उंचावल्या.

फक्त एक होतं. खाली कोणी काही लिहीत नव्हतं.

"आत्या, एकही कॉमेंट नाही," दुसऱ्या दिवशी दामिनी म्हणाली.

"म्हंजे काय?"

"म्हणजे लोक मधे काही बोलत नाहीत."

"कीर्तनात मधे बोलते का कोणी?" आत्या म्हणाल्या. "बोललं तं मी हाकलून देईन."

दामिनी हसली आणि तो रकाना तिनं रिकामा ठेवला. पण दुसरा एक रकाना तिला छळायला लागला. सकाळी ती आदल्या दिवसाच्या लाइकचा आकडा बघायची आणि तो अगदीच केविलवाणा असायचा. रात्री तर पुष्कळ दिसले होते. म्हणून एका संध्याकाळी ती आकड्यावर डोळे लावूनच बसली. कीर्तनाला आरंभ झाला तसे अंगठे भराभर चढले. निरूपणभर तसेच राहिले. गोष्ट सुरू झाली, रंगली, संपली, आरती झाली. आणि प्रसाद वाटला जात असताना आकडा उतरायला लागला. एकेक करत, सावकाश, घसरगुंडीवरून पोरं उतरावी तसा. शेवटी उरले दहा-बारा.

अंगठा एकदा दाबला की लाइक लागतो आणि पुन्हा दाबला की निघून जातो. म्हणजे लोक आपणहून परत दाबत होते. एक जण चुकेल, दोघं चुकतील. रोज, सगळे?

कुलदीपनं फळ्यासमोर उभं राहून मार्करचं टोपण दातांत धरलं. "बघणारे किती वेळ थांबले?"

"शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत थांबले, सगळं ऐकलं, आणि मग लाइक काढून घेतला?" त्यानं शीळ घातली. "हे तर आणखी वाईट आहे, दामिनी. उठून गेले असते तर म्हणालो असतो, कंटाळले. हे विचार करून नापसंत करून राहिले. शेवटी काय असते?"

"गोष्ट."

"मग गोष्ट काप. निरूपण छान आहे, आटोपशीर आहे. तेवढंच ठेव. गाय-म्हैस लोकाइले नाही पाह्यजे आजकाल."

दामिनीला ते खरं वाटत नव्हतं, पण आकडा समोर होता. तिनं आठवडाभर सगळं करून पाहिलं. गोष्ट थोडी आधी घ्यायला लावली. प्रकाश वाढवला. आवाज कमी केला. काही केलं तरी अंगठे चढायचे आणि आरतीनंतर उतरायचे. मग एका दुपारी भातकुलीला जाऊन, ताकाचा पेला हातात फिरवत, तिनं आत्याला सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं हळू.

वच्छलाबाईंनी ऐकून घेतलं. पेला तिच्या हातातून घेतला, विसळला, पालथा घातला.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि हे खोटं होतं, कारण त्यांना तसं कधीच वाटलं नव्हतं. "समोरचे आपल्या गावातले आहेत, तोंडावर हसतात. त्याइचं काय. खरं तं परकं माणूसच सांगते. श्रोता देव असते, दामिनी. देवानं हार काढून टाकला तं चूक गुरवाची."

"आत्या, मी म्हणत नाही की..."

"तू नको म्हणू. आकडा म्हंतो नं." मग त्या म्हणाल्या, "अकोल्याले गोष्ट नाही सांगत मी. निरूपण करन, नाव घेईन, आरती. बास."

अकोल्याचं आमंत्रण आधीच आलेलं होतं. तिथल्या एका देवळातल्या बायकांचं भजनी मंडळ वच्छलाबाईंचं कीर्तन रोज फोनवर ऐकायचं. त्यांच्या पुढारी मैनाबाई. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, 'एक दिवस आमच्याकडे या, आमाले डोळ्यांनी पाह्यचं आहे.' तेव्हा वच्छलाबाई किती हरखल्या होत्या. आता बडनेऱ्याहून गाडीत बसल्यापासून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. चिपळ्यांची पिशवी मांडीवर.

"बाई," समोर बसलेले जीवनभाऊ म्हणाले, "इतक्या चूप तं तुमी भावाच्या लग्नातही नोत्या."

"घसा जपून राहिली मी."

"कशाले? गोष्ट तं सांगणार नाही म्हंता. निरूपणाले कुठे घसा लागते. मले बी आज मारक्या गायीपासून सुट्टी." ते हसले, पण कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी डब्यातला चिवडा काढून सगळ्यांपुढे धरला.

दामिनीनं मूठभर घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. फळ्यावर आपण लिहिलेला आकडा या बाईच्या घशात जाऊन बसला आहे, हे तिला दिसत होतं. तिनं एवढी पानं वाढवली होती, आणि जे आधीपासून फुललेलं होतं तेच नेमकं तिच्या हातून मिटायला लागलं होतं. आज आत्यानं गोष्ट टाकली तर ती पुन्हा कधी सांगणार नाही. म्हाताऱ्या माणसाची सुटलेली गोष्ट परत हाती येत नाही.

अकोल्याला स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि गरम वाऱ्यानं थोबाडीत मारल्यासारखं झालं. मैनाबाईंच्या घरी मात्र वाळ्याच्या कूलरचा गारवा, माठाचं पाणी, आंब्याचा रस. मैनाबाई उंच, खणखणीत, बोलण्यात कोणाला पुढे जाऊ न देणाऱ्या. जेवणं झाली. आत्या आतल्या खोलीत आडव्या झाल्या. जीवनभाऊ ओसरीवर घोरायला लागले. दामिनी संध्याकाळच्या तयारीसाठी कॅमेऱ्याची बॅटरी लावून बैठकीत बसली.

मैनाबाई तिथेच खाली बसून फुलवाती वळत होत्या. समोर पाटावर फोन उभा केलेला. फोनला टेकायला पितळी डबा. पाटाभोवती चक्क रांगोळीची बारीक रेघ.

"बाई झोपल्या का?" त्यांनी हळूच विचारलं. "त्याइच्या देखत लावाले लाज वाटते. काल मोबाइलची लाइन गेली आमच्याकडे, तं कीर्तन अर्धं राह्यलं. तेवढं पुरं करतो."

कालचं कीर्तन सुरू झालं. शेवटचा भाग, डोमाजी गावात परत येतो तिथपासून. मैनाबाईंचे हात वाती वळत होते आणि ओठ गोष्टीबरोबर हलत होते. मारक्या गायीला त्या एकट्याच पोटभर हसल्या. पुढे एका ठिकाणी वात हातातच राहिली. आरती झाली तशी त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला, फोनसमोर वाकल्या, अंगठ्याच्या चित्राला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

दामिनीनं पाहिलं. भरलेला अंगठा रिकामा झाला.

ती जागची उठली. "मावशी, हे काय केलं तुमी?"

"काय केलं?"

"आत्ता. अंगठ्याला हात लावला नं तुमी."

"जातानाचा नमस्कार राह्यला होता माय," मैनाबाई म्हणाल्या. "आलो तेव्हा काल केलता. मंग लाइन गेली. असं अर्ध्यातून उठून चाललं जायचं का, ढोरासारखं?"

दामिनी परत खाली बसली. "येताना एकदा. आणि जाताना एकदा."

"मंग? तुमच्याकडे कसं करतात? कीर्तनाच्या गादीले आल्यावर पाया पडतो, निंगताना पडतो. तुमच्या आत्यानंच तं सांगतलं पहिल्या दिवशी."

"सगळे असंच करतात? तुमच्या मंडळातले?"

"सगळे. माही सूनबाई वर्षाली, थे करत नोती. मले म्हणे, आत्याबाई, एकदा दाबलं की झालं. म्या म्हंतलं, बाई, तू माहेरून निंगताना आईच्या पाया पडतं का नाही? का आल्यावर एकदा पडली तं झालं? मंग लागली करू." मैनाबाईंना वाटलं, काहीतरी चुकलं. "काहून? नाही करायचं का?"

दामिनीनं आपल्या फोनवर पहिल्या दिवसाचं कीर्तन काढलं. ती स्टेजखाली वायर शोधत होती ती पहिली मिनिटं. आत्याचा आवाज आला, हसरा, थोडा बावरलेला: "मोबाइलवाल्या मंडळींनो, खाली तुमाले एक अंगठा दिसन. आमची पोरगी म्हणते, त्याले हात लावा. मी सांगतो, कसा लावा. आपल्या गादीले येता-जाता नमस्कार करता नं, तसाच. घरी बसले म्हणून रीत सोडू नका."

दामिनी हसायला लागली. आधी हळू, मग आवरेना. ओसरीवर जीवनभाऊ जागे झाले आणि विचारू लागले, कोणाले काय झालं. आतल्या खोलीचं दार उघडून वच्छलाबाई बाहेर आल्या, अंबाडा सुटलेला, कपाळावर उशीचा वळ.

"काय व, काय लावलं?"

"आत्या, बस. आधी बस तू."

तिनं सगळं सांगितलं. मैनाबाईंनी मधे मधे भर घातली, कारण त्यांना राहवलं नसतं. दामिनीनं मैनाबाईंचा फोन घेऊन अंगठा दाबून दाखवला: हा लागला, हा निघाला. पुन्हा लागला, पुन्हा निघाला. वच्छलाबाई चष्मा नसल्यानं डोळे बारीक करून बघत होत्या.

"म्हंजे ते जे उतरत होते रोज..."

"ते लोक पाया पडून घरी जात होते, आत्या."

"गोष्ट ऐकून."

"पूर्ण ऐकून. म्हणून तर आरतीनंतर."

वच्छलाबाईंनी स्वतः एकदा अंगठा दाबून पाहिला. मग कुठूनतरी खोलातून हसू वर आलं. त्यांचं पोट हललं, खांदे हलले, आणि त्या असं हसल्या की भिंतीला टेकावं लागलं. मैनाबाई हसल्या. वर्षाली स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बघायला आली, तीही हसली. जीवनभाऊंना नीट कळलं नव्हतं, पण मारकी गाय परत येते आहे एवढं त्यांनी ताडलं आणि ते म्हणाले, "म्हंजे माही सुट्टी रद्द."

हसता हसता वच्छलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि तो जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

दामिनीनं गच्चीवर जाऊन कुलदीपला फोन केला. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "मी पंधरा वर्षं हे काम करून राहिलो, पण असं नाही पाहिलं बुवा." आणि लगेच त्याच्यातला धंदेवाला जागा झाला. "ऐक. आज आत्याला सांग, सुरुवातीलाच सांगून टाका म्हणा, जाताना हात लावू नका. आज अकोल्याचा कार्यक्रम आहे, मोठा आकडा होईल. सोमवारी फळ्यावर चढता दिसला पाहिजे."

त्याचं चूक नव्हतं. दामिनीनं खाली येऊन आत्याला तसंच सांगितलं. वच्छलाबाई तोवर अंबाडा घालून, नऊवारी नेसून आरशासमोर बुक्का लावत होत्या.

"म्हंजे मी लोकाइले सांगू, नमस्कार करू नका?"

"एकच करा, असं."

"अन् हा नमस्कार गेला तं तुह्या फळ्यावर काय वाढते?"

"आकडा."

"अन् ठेवला तं काय कळते?"

दामिनी सांगायला गेली की काहीच कळत नाही, आणि तिचं तिलाच काहीतरी सुचलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. चढलेला अंगठा म्हणजे आला. कोणीही येता येता दाबतो, दाबून निघूनही जातो. साडी बघायला आलेलीही दाबते, क्लास शोधणाराही दाबतो. पण उतरलेला अंगठा? तो उतरवायला माणूस आरतीपर्यंत बसलेला पाहिजे. ज्यानं सगळं ऐकलं तोच जातानाचा नमस्कार करतो. अख्ख्या राजापेठेत, कोणाच्याही फळ्यावर, शेवटपर्यंत बसून, उठून, वाकून निरोप घेतलेल्या माणसांचा आकडा नव्हता. तो आत्याकडे होता. पहिल्या दिवसापासून होता, आणि आपण तो उलटा वाचत होतो.

"काय झालं व? अशी काय बसली?"

"काही नको सांगू आत्या," दामिनी म्हणाली. "जशी रीत आहे तशी राहू दे. कुलदीप सरांना मी पाहते."

संध्याकाळी देऊळ भरलं. ऊन उतरलं होतं आणि आवारात पाणी मारलेलं होतं, त्याचा वास येत होता. भजनी मंडळाच्या बायका हिरव्या लुगड्यांत पुढे, मागे पुरुष, ओट्यावर पोरं. येणारा प्रत्येक जण गादीसमोर वाकत होता. दामिनीनं फोन स्टँडला लावला आणि आत्याच्या उजव्या हाताला, सगळ्यांना दिसेल असा एका उंच स्टुलावर ठेवला. भातकुलीचे, धामणगावचे, कुठले कुठले अंगठे चढायला लागले.

निरूपण झालं. गजर झाला. मैनाबाईंनी हार घातला, पायांवर डोकं ठेवलं. वच्छलाबाई सरळ झाल्या, चिपळ्या एकदा वाजवल्या आणि सभेकडे बघत थांबल्या. दामिनी स्टुलाला धरून उभी राहिली. सांगतील ना?

"डोमाजी नावाचा एक गुराखी होता," वच्छलाबाई म्हणाल्या.

बायकांमधून एक सुस्कारा निघाला, तहानलेल्यानं पेला तोंडाला लावल्यावर निघतो तसा.

डोमाजी गावाची गुरं राखायचा. मंत्र येईना, स्तोत्र येईना. येत होतं फक्त गुरं मोजणं. आणि रोज संध्याकाळी गावात शिरताना मोजणीत एक गाय जास्त भरायची. काळीभोर, शांत. डोमाजी घरोघर विचारायचा, बापा, ही तुमची का. कोणाचीच नाही. लोक म्हणायचे, तुले मोजता येत नाही. डोमाजीला भीती वाटायची, उद्या कोणी चोर म्हणेल. इथे लंगडी गाय आली, म्हातारी आली, मारकी आली आणि जीवनभाऊ पेटी सोडून खरोखर मागे सरकले. ओट्यावरची पोरं लोळायला लागली. मग वच्छलाबाईंचा आवाज खाली उतरला. एका रात्री डोमाजीनं त्या काळ्या गायीला आपल्या दारात बांधलं. स्वतःच्या हातानं वळलेलं दावं तिच्या गळ्यात घातलं. म्हणाला, कोणाचीच नाही तं माझी. आणि तिच्या पाठीला पाठ लावून झोपला. सकाळी गाय नाही. तिकडे देवळात पुजाऱ्यानं दार उघडलं आणि ओरडत बाहेर आला. देवाचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, आणि गळ्यात तुळशीची माळ नाही. गळ्यात डोमाजीचं दावं.

मैनाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांनी ही गोष्ट फोनवर कितीदा ऐकली असेल.

आरती झाली. लोक उठले. गादीसमोर रांग लागली. एकेक जण वाकायचा, वच्छलाबाई त्याच्या डोक्याला हात लावायच्या. स्टुलावरच्या फोनवर अंगठे उतरायला लागले. रांग पुढे सरके आणि तिकडे एक उतरे. वच्छलाबाईंनी एका म्हाताऱ्याला आशीर्वाद देता देता फोनकडे नजर टाकली, एक अंगठा उतरताना दिसला, आणि त्यांनी तसाच हात तिकडेही उचलला. मग प्रत्येक वेळी उचलू लागल्या. एक इकडे, एक तिकडे. रांगेतल्या बायका हसू लागल्या, पण कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

दामिनीचा फोन थरथरला. कुलदीपचा निरोप होता. 'बघतोय. पडू दे. सगळे पडले पाहिजेत. सोमवारी फळ्यावर नवा रकाना आखू. आणि डोमाजी भारी आहे.'

रांग संपली. लोक चपला शोधायला लागले. मंडळाच्या बायका सतरंज्या गोळा करायला पुढे आल्या. जीवनभाऊंनी पेटीचा भाता बांधला.

"दामिनी," वच्छलाबाई गादीवरूनच म्हणाल्या, "किती उरले व?"

दामिनीनं पाहिलं. "नऊ."

"उतरून राहिले का थांबले?"

"थांबले."

वच्छलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या बेतात होत्या, त्या परत बसल्या. "मंग ते नऊ अजून बसून आहेत. श्रोते बसलेले असताना मी गादी सोडू कशी? जीवनभाऊ, सोडा भाता."

दामिनीला माहीत होतं की ते नऊ जण बहुधा येता येता अंगठा दाबून कधीच निघून गेलेले असतील. कोणी जेवत असेल, कोणी झोपलंही असेल. तिनं सांगायला तोंड उघडलं. मग स्टँडवरचा फोन आत्याच्या चेहऱ्यासमोर नीट सरळ केला आणि दिवा पुन्हा लावला.

पेटीचा सूर लागला. दाराशी एका पायात चप्पल घातलेले लोक वळून बघू लागले. मैनाबाईंनी हातातली सतरंजी परत पसरली.